मोठ्या संख्यांचा चोख हिशेब



आपल्या पेढ्यांवरील रोजमेळ आणि खतावण्या संगणकात गेल्या, त्याला आता बराच काळ लोटला. अलीकडे घरातील शिकलेली मुले-मुली आणखी एक पाऊल पुढे टाकीत आहेत. बँकेचे उतारे जुळविणे, येणे-देण्याची यादी काढणे अशा कामांसाठी ती पायथन किंवा जावास्क्रिप्ट या भाषांत छोटे प्रोग्राम स्वतःच लिहितात. अशा भाषांना स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. ही गोष्ट कौतुकाची आहे. मात्र फार मोठी पूर्णांक संख्या हाताळताना या भाषांत एक सूक्ष्म चूक संभवते, आणि ती घडते तेव्हा यंत्र कसलीही सूचना देत नाही. त्या चुकीचे स्वरूप आणि तिच्यावरचे उपाय यांचा विचार आज करू.

प्रथम एक उदाहरण घेऊ. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. त्यात संख्येची चोवीस स्थाने नावांनिशी दिली आहेत. एक, दश, शत असे चढत गेल्यावर चोविसावे स्थान येते महाक्षोभाचे, म्हणजे एकावर तेवीस शून्ये. हीच संख्या संगणकाला घातांकाच्या संक्षिप्त रूपात द्यावी आणि मग तिचे पूर्णांकात रूपांतर करण्यास सांगावे. उत्तर येते ९९९९९९९९९९९९९९९९१६११३९२. मूळ संख्येपेक्षा ते ८३ लाख ८८ हजार ६०८ ने कमी आहे. पायथन आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही भाषांत हेच उत्तर मिळते.

याचे कारण साठवणुकीच्या पद्धतीत आहे. संक्षिप्त रूपात दिलेली संख्या संगणक 'फ्लोटिंग पॉइंट' पद्धतीने ठेवतो. या पद्धतीचे प्रमाणरूप १९८५ साली ठरले. तीत एका संख्येसाठी ६४ बिटांची जागा असते. एक बिट धन-ऋण चिन्हासाठी, अकरा बिट घातांकासाठी आणि बावन्न बिट प्रत्यक्ष अंकांसाठी. आरंभीचा एक अंक गृहीत धरलेला असल्याने एकंदर त्रेपन्न द्विमान अंकांची अचूकता मिळते. त्यापलीकडचे अंक जवळच्या संख्येत सामावून टाकले जातात. घाऊक व्यापारी बोलताना 'सुमारे अमुक लाख' म्हणतो, तसाच हा प्रकार आहे. शास्त्रीय मोजमापांना असा अदमास चालतो, पण खतावणीला तो चालत नाही.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली घडविलेल्या जावास्क्रिप्टमध्ये सर्व सामान्य संख्या याच पद्धतीने ठेवल्या जातात. म्हणून तिथे ९००७१९९२५४७४०९९१ ही पूर्णांकांची सुरक्षित मर्यादा आहे. तिच्यात एक मिळविला की ९००७१९९२५४७४०९९२ येते. त्यात पुन्हा एक मिळविला तर उत्तर तेच राहते! एक रुपया जमा केला आणि शिल्लक हलली नाही, अशी ही अवस्था होय.

पायथनची रीत वेगळी आहे. तिचे पूर्णांक मेमरी पुरेल तितके मोठे होऊ शकतात. मोठ्या संख्येचे ती तीस-तीस बिटांचे तुकडे करते आणि शाळेत आपण हातचा धरून बेरीज शिकलो त्याच क्रमाने एकेक तुकडा पुढे नेते. फार मोठ्या गुणाकारासाठी रशियन गणिती अनातोली कारात्सुबा यांनी १९६० साली शोधलेली जलद रीत ती वापरते. 'अनुयोगद्वार सूत्रा'त मनुष्यांची एकोणतीस स्थानांची संख्या सांगितली आहे, जी शहाण्णव वेळा निम्मी करता येते. म्हणजे दोनाचा ९६ वा घात. पायथनला ती विचारल्यास ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६ असे अंकन् अंक बरोबर उत्तर मिळते, आणि त्यात एक मिळविला तर शेवटचा सहा सात होतो. जावास्क्रिप्टच्या सामान्य संख्येत मात्र तो एक हरवतो.

तरीही पायथनमध्ये एका ठिकाणी सावध राहावे. तेथे एका तिरप्या रेघेचा भागाकार पूर्णांकाला फ्लोटिंग पॉइंटमध्ये नेतो. पूर्णांकच हवा असेल तर दुहेरी तिरप्या रेघेचा भागाकार वापरावा. जावास्क्रिप्टमध्ये २०२० च्या प्रमाणरूपापासून 'बिगइंट' हा स्वतंत्र प्रकार उपलब्ध आहे. तो कितीही अंकी पूर्णांक अचूक ठेवतो. बिगइंट आणि सामान्य संख्या यांची सरळ बेरीज करू गेल्यास भाषा चूक दाखवून थांबते. तिचा हा नकार स्वागतार्ह आहे, कारण गुपचूप चुकीचे उत्तर देणाऱ्या यंत्रापेक्षा अडणारे यंत्र बरे. मात्र बिगइंटला मूळ संख्या अवतरणचिन्हांत, अक्षररूपाने द्यावी. आधी सामान्य संख्या करून मग दिल्यास गेलेले अंक परत येत नाहीत.

आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब. पैशांत मोजली तरी वरील मर्यादा सुमारे ९० लाख कोटी रुपयांची होते, म्हणजे आपल्या उलाढालीच्या रकमा तिथवर पोहोचत नाहीत. धोका आहे तो क्रमांकांना. खाते क्रमांक, कार्ड क्रमांक, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हे दिसायला संख्या असले तरी वस्तुतः ती नावे आहेत. दोन खाते क्रमांकांची बेरीज कोणी करीत नाही. एनईएफटीने पाठविलेली रक्कम खाते क्रमांकाच्या आधारे जमा होते. शेवटचा एक अंक बदलला तर रक्कम परत येण्यात दिवस जातात, किंवा ती परक्याच्या खात्यात पडते. उतारे जुळविताना दोन भिन्न व्यवहार एकच भासतात, ते वेगळेच.

एक्सेलमध्ये हा अपघात अधिक लवकर घडतो, कारण तिथे पंधरा अंकांपर्यंतच अचूकता आहे. १२३४५६७८९०१२३४५६ हा सोळा अंकी क्रमांक संख्या म्हणून भरला की १२३४५६७८९०१२३४५० होतो. आरंभीची शून्येही नाहीशी होतात. रकाना आधी 'टेक्स्ट' या प्रकारात ठेवून मगच क्रमांक भरावेत.

ट्विटर या संस्थेलाही २०१० मध्ये हाच प्रश्न सोडवावा लागला. तिचे संदेश क्रमांक त्रेपन्न बिटांच्या पुढे जाणार होते. म्हणून प्रत्येक क्रमांक संख्यारूपाने आणि त्यासोबत अक्षररूपानेही पाठविण्याची व्यवस्था तिने केली. आपल्याला ही रीत परिचित आहे. धनादेशावर रक्कम अंकांत आणि अक्षरांत लिहितात, आणि दोहोंत फरक पडला तर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १८ अक्षरांतील रक्कम ग्राह्य मानते. संगणकातील क्रमांकांबाबतही अक्षररूपच प्रमाण धरावे.

प्रोग्राम तयार झाल्यावर जुन्या मुनीमांचा नवाचा ताळा अवश्य घ्यावा. महाक्षोभाच्या अंकांची बेरीज एक. वरच्या चुकीच्या उत्तरातील अंकांची बेरीज १६७, तिची १४ आणि तिची पाच. एक आणि पाच जुळत नाहीत, म्हणजे चूक कागद-पेन्सिलीने क्षणात सापडली. नवाने भाग जाणारा फरक हा ताळा पकडत नाही, एवढी त्याची मर्यादा ध्यानात ठेवावी.

घरातील जी मुले असे प्रोग्राम लिहितात, त्यांना प्रत्येक रकान्यापुढे एक प्रश्न लिहावयास सांगावे : ही मोजदाद आहे की नाव? नाव असेल तर अक्षररूपात ठेवावे. मोजदाद असेल तर पूर्णांकात ठेवावी, आणि रुपयांच्या रकमा शक्यतो पैशांत मांडाव्यात. मग सोळा अंकी क्रमांक घालून एकदा चाचणी घ्यावी, आणि शेवटचा अंक स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच तो प्रोग्राम पेढीवर वापरावयास घ्यावा.