पिशवी खाली ठेवा, गळ हातात घ्या!

दिवाळीची नाहीतर नाताळची सुट्टी लागली की आपल्याकडच्या गाड्या कोकणाच्या दिशेने धावू लागतात. घाट उतरला की मुलांच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो, नवरोबांच्या डोळ्यांपुढे तळलेली सुरमई. आणि आपल्या? आपल्या डोळ्यांपुढे ओले कपडे, वाळूने भरलेल्या चपला आणि ‘अगं, टॉवेल कुठे ठेवलास?’ हा प्रश्न. जागा बदलते, काम बदलत नाही!

संध्याकाळी सगळी वरात बंदराच्या धक्क्यावर जाते. मालवण असो, वेंगुर्ला असो की हर्णै, अलीकडे पर्यटकांना गळाने मासे धरायची भारी हौस. भाऊजी गळ टाकतात, दीर सल्ले देतात, पोरं उड्या मारतात. आणि बायका? कठड्याशी ओळीने बसलेल्या. मांडीवर चार पिशव्या, हातात तीन मोबाइल, खांद्यावर कुणाचा तरी स्वेटर. मासा लागला की फोटो काढायचा, नाही लागला की ‘असू दे, उद्या लागेल’ म्हणायचं.

मैत्रिणींनो, मला आज एवढंच सांगायचं आहे. पुढच्या सुट्टीत त्या पिशव्या खाली ठेवा आणि गळ मागून घ्या.

‘इश्श, ते पुरुषांचं काम!’ असं कुणी म्हणेल. कुणी ठरवलं? हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो तेव्हा जाऊन बघा. टोपल्यांभोवती उभ्या राहून खणखणीत आवाजात बोली लावणाऱ्या बायका दिसतील. ओहोटीला खडकांवर वाकून कालवं काढणाऱ्या आणि चिखलात तिसऱ्या शोधणाऱ्याही बहुतेक बायकाच. आणि गळाचंच म्हणाल तर ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सर्वांत मोठ्या सामन माशाचा विक्रम एका बाईच्या नावावर आहे. जॉर्जिना बॅलंटाइन हिने १९२२ साली स्कॉटलंडच्या टे नदीत ६४ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २९ किलोंचा मासा धरला. शंभर वर्षं उलटली, तरी तिचा विक्रम कुणाला मोडता आलेला नाही.

खरं सांगू? या कामाला जे लागतं ते आपल्याकडे आधीपासूनच आहे. पहिली गोष्ट म्हणजे तिथी. गळ टाकायचा तो भरतीचं पाणी चढत असताना, असं जाणकार सांगतात. आणि भरतीचा हिशेब कोकणात पूर्वापार तिथीवरून करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि पुन्हा पहाटे तीन-साडेतीनला. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. ठिकाणाप्रमाणे तासाभराचा फरक पडतो, म्हणून स्थानिक माणसाला विचारून घ्यायचं. पण घरात आज तिथी कोणती हे कुणाला पाठ असतं? उपासाच्या निमित्ताने का होईना, आपल्यालाच ना! संकष्टीला दुपारी भरती कधी, हे आपण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे न बघता सांगू शकतो. आता संकष्टीच्या दिवशी मासे धरावेत की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मासा काय, दुसऱ्या दिवशीही रांधता येतो!

दुसरी गोष्ट हाताची सवय. गळाला आमिष म्हणून कोळंबीचा तुकडा लावतात. कोळंबी सोलून, दोरा काढून साफ करायचं काम वर्षानुवर्षं कोण करतं? तिसरी गोष्ट धीर. दूध उतू जायच्या बेताला आलं की बंद करणारी बाई दोऱ्याला बसलेला बारीकसा हिसका चुकवेल होय?

मी पहिल्यांदा गळ धरला तेव्हा धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या कोळीण मावशींनी मला शिकवलं. दोऱ्याला हिसका बसला तशी मी खेचायला निघाले. त्या म्हणाल्या, ‘‘बाय, लगेच खेचू नको. त्याला नीट खाऊ दे, मग ताण.’’ दीड तासात दोन बोटभर मासे लागले, ते दोन्ही मी पाण्यात सोडले. पण त्या दीड तासात मला कुणीही पाण्याची बाटली मागितली नाही. हातात दोरा असलेल्या बाईला कुणी काही मागत नाही, हा शोध मला तिथेच लागला.

खर्चही फार नाही. महागड्या रॉडची गरज नाही. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, टोकाला गळ आणि थोडं शिसं एवढं पुरतं. बंदराजवळच्या दुकानात हे सामान मिळतं. दोरा हातातच धरायचा आणि बोटावर त्याचा ताण ओळखायचा.

काळजी मात्र घ्यायलाच हवी. गळाला शिंगाळा लागला तर त्याला उघड्या हाताने धरू नका. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे काटे असतात. ते टोचले की भयंकर ठणकतं. पाकटाच्या शेपटीचा काटा तर त्याहून वाईट. असं काही झालं तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरायची आणि सरळ डॉक्टर गाठायचा. फुग्यासारखा फुगणारा केंड लागला तर तो खायचाच नाही. त्याचं विष शिजवूनही जात नाही. ओळखीचा नसलेला कुठलाही मासा कोळणीला दाखवल्याशिवाय पातेल्यात टाकू नये. पायात घट्ट बसणाऱ्या चपला हव्यात, कारण धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. भरती चढताना खडकांवर जायचं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्तच जपायचं. पावसाळ्यात तर हा नाद नकोच. जून-जुलैत यांत्रिक होड्यांनाही समुद्रात जायला बंदी असते, तिथे आपली काय कथा!

आणखी एक. धक्का म्हणजे आपल्यासाठी सहल असली तरी कोळी बांधवांची ती कामाची जागा आहे. होड्या लागतात, मासळी उतरते, तिथे मध्ये उभं राहू नये. तुटलेला तंगूस पाण्यात टाकू नये. त्यात कासवं आणि पक्षी अडकून मरतात. आणि पिल्लं धरू नयेत. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा धरायचा नाही. त्याच वर्षी पापलेट आपला राज्यमासा झाला. आपल्या गळाला लागलेल्या एखाद्या पिल्लाने समुद्र रिकामा होणार नाही, हे खरं. पण मुलांसमोर आईने लहान मासा परत सोडला, तर ते मुलांच्या कायम लक्षात राहील.

आता ज्या घरात मासे खात नाहीत, तिथे जीव मारायला नको असं वाटणं मी समजू शकते. अशा मैत्रिणींना माझा आग्रह नाही. पण घरातले पुरुष गळ टाकताना ज्यांना हिंसा आठवत नाही आणि बाईने दोरा हातात घेतला की लगेच आठवते, त्यांच्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे.

आणि बायका धक्क्यावर फार वेळ का थांबत नाहीत, याचं एक साधं कारण कुणी बोलत नाही. तिथे बाकडी असतात, चहाची टपरी असते, फोटो काढायला जागा असते. बायकांसाठी धड स्वच्छतागृह मात्र कितीतरी ठिकाणी नसतं. ज्या बाईने दुपारपासून पाणी पिणं टाळलंय, ती दोन तास गळ धरून काय बसणार? पर्यटनावर पैसा खर्च करताना ही सोय आधी व्हायला हवी. ती पाहुणीला लागते आणि दिवसभर तिथेच राबणाऱ्या कोळणीला तर तिच्याहून जास्त लागते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गळाचं काय घेऊन बसलात? २०१९ साली केंद्र सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. जवळजवळ पाच तास! आपण सहलीला जातो तेव्हा हे पाच तास बॅगेत घालून सोबत नेतो. रिकामं बसायची आपल्याला सवयच राहिलेली नाही. बसलो तरी हातात लसूण सोलायला हवी, नाहीतर मेथी निवडायला.

गळ टाकून बसण्यात तसला काही हिशेब नसतो. मासा लागला तर लागला, नाही लागला तर नाही. स्वयंपाक बिघडला तर चार जण बोलतात, पण रिकाम्या गळाबद्दल कुणी जाब विचारत नाही. ज्याचा जाब कुणाला द्यावा लागत नाही, असा तासभर आपल्याला वर्षातून कितीदा मिळतो, मोजून बघा.

तेव्हा यंदा कोकणात गेलात तर संध्याकाळी धक्क्यावर पिशवी ‘ह्यांच्या’ हातात द्या. स्वेटर त्यांच्या खांद्यावर टाका. आणि म्हणा, ‘‘आण तो दोरा इकडे. फोटो तू काढ!’’