भिजलेला हात, धुतलेला हात

पावसाळ्यातला रविवार आला की लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर माणूस मावत नाही. पाण्यात डुंबून आलेलं पोर थेट गरम कांदाभजीवर झडप घालतं. कुणी हटकलंच तर आई म्हणते, "अहो, आत्ताच पाण्यातून आलाय, हात स्वच्छच आहेत की!" दर पावसाळ्यात ऐकू येणारं हे वाक्य चीड आणणारं आहे. त्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात सकाळपासून शेकडो पाय बुडालेले असतात.

दोष फक्त पर्यटकांचा नाही. मावळात भातलावणीच्या दिवसांत पोरं आईबापांसोबत खाचरात असतात. बांधावर भाकरी सोडली की वाहत्या पाटात हात बुचकळतात आणि जेवायला बसतात. वडगावच्या भात संशोधन केंद्रानं इंद्रायणीसारखा वाण दिला, तो आता घरोघरी शिजतो. पण तो खाणारा हात भिजलेला आहे की धुतलेला, हा फरक पोरांना कुणी दाखवत नाही.

साबणानं हात धुण्याची सवय लावली की जुलाबाचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतं, असं अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोटात शिरणारा जिवाणू सापडला होता. हात धुण्याची सवय लागावी म्हणून 15 ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिन असतो. 2008 पासून तो पाळला जातो.

त्या दिवशी शाळेत तक्ता लागतो आणि तक्त्यावर हिरवे, शिंगंवाले, दात विचकणारे जंतू असतात. पहिलीतलं मूल आपला तळवा निरखून बघतं, तिथं शिंगंबिंगं काही दिसत नाहीत, आणि हात स्वच्छ आहे असं ते ठरवून टाकतं. त्याचा तर्क चोख असतो, चुकीचा असतो तो तक्ता.

त्यापेक्षा स्वयंपाकघरातली हळद घ्यावी. हळदीचा डाग पडलेला सदरा साबण लावताच लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. साबण अल्कधर्मी असतो, म्हणून हळदीचा रंग पालटतो. हळदीला चुना लागला की ती कुंकवासारखी लाल होते तीही याच गुणानं. मुलांच्या हातांना थेंबभर खोबरेल तेलात कालवलेली हळद चोळावी आणि नेहमीसारखा साबण लावायला सांगावं. मग पाणी न घालता हात बघावेत. साबण पोचला तिथं लालसर, चुकला तिथं पिवळंच. अंगठ्याचं मूळ, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा बहुतेकदा पिवळ्या राहतात. साधी साबणाची वडी वापरावी. बाटलीतल्या अनेक हँडवॉशमध्ये अल्कधर्मीपणा कमी असतो, रंग पालटत नाही. हळद जंतू दाखवत नाही, साबण कुठवर गेला एवढंच दाखवते. पण सहा वर्षांच्या पोराला तेवढं पुरतं. ते स्वतःच "इथं राहिलं!" म्हणून ओरडतं आणि पुन्हा चोळतं. सांगून न होणारं काम डोळे करतात.

जंतुनाशक लिहिलेला महागडा साबणही लागत नाही. ट्रायक्लोसनसह 19 रसायनं घातलेले जंतुनाशक साबण अमेरिकेच्या औषध नियामकानं 2016 मध्ये घरगुती विक्रीतून बाद ठरवले, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस असल्याचा पुरावा कंपन्यांना देता आला नाही. पाणी गरम हवं असंही नाही. साबणानं तेलकट मळ सुटतो, चोळण्यानं जंतू निघतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. वीस सेकंदं चोळायला हवं, एवढंच.

खरी अडचण नळाखालच्या रिकाम्या कट्ट्याची आहे. लोणावळ्याच्या धरणांतलं पाणी 1915 पासून खोपोलीला उतरून मुंबईसाठी वीज करतं. त्याच डोंगरांतल्या शाळेत नळ असला तरी वडी नसते, किंवा असलेली दुपारपर्यंत मातीत लोळते. जुन्या सुती मोज्यात वडी घालून, गाठ मारून ती नळाला बांधली तर हरवत नाही, निसटत नाही, आणि मोजा चोळायलाही कामी येतो. समग्र शिक्षा योजनेच्या शाळा अनुदानातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात, पण वाडीवरच्या छोट्या शाळेला त्यातच झाडू आणि फिनेलही बसवावं लागतं. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ शाळेत पोचते, त्याच गाडीत महिन्याच्या साबणवड्याही चढवाव्यात.