पाच लाखांची सायकल

"आई, सायकल घ्यायची आहे, जरा बघायला येतेस?" असे लेकीने विचारले तेव्हा सायकलीत बघायचे ते काय, असे वाटून मी पर्स उचलून निघाले. दुकानात किंमत वाचली आणि अंगातली बँक खडबडून जागी झाली. पाच हजार युरो, म्हणजे आपले सुमारे पाच लाख रुपये! पुण्यात तेवढ्यात लहानशी मोटार दारात येईल.

लेक-जावई नेदरलँड्समध्ये, उट्रेक्टला असतात. नात पाच वर्षांची, नातू दोन. मोटार त्यांनी विकली; आठवड्यातले सहा दिवस ती नुसतीच पार्किंगचे भाडे खात उभी असायची. तिच्या जागी हवी होती 'बाकफीट्स'. बाक म्हणजे पेटी, फीट्स म्हणजे सायकल. पुढच्या पेटीत बाकडे असते. त्यावर पोरांना पट्ट्याने बांधून बसवायचे आणि त्यांच्या पायाशी भाजीच्या पिशव्या. नोकरीच्या सुरुवातीला मालाच्या तीनचाकी सायकलींसाठी मी कर्जे मंजूर केली आहेत, ती भंगारवाल्यांना. आपल्याकडची ही गरिबाची गाडी तिकडे चांगले शिकलेसवरलेले आईबाप हौसेने चालवतात.

पहिला वाद दोन चाके की तीन, यावर झाला. मी अर्थातच तीन म्हटले. उभी असताना ती कलंडत नाही, पोरे खुशाल चढतात-उतरतात. पण वळणावर वेग कमी केला नाही, तर आतले चाक उचलले जाते, हे दुकानदारानेच सांगितले. दोनचाकी नेहमीच्या सायकलीसारखी वळणाकडे झुकते, अरुंद वाटेतून निघते. मात्र थांबल्यावर सगळा भार पायांवर. जावई सहा फूट, लेक जेमतेम पाच फूट दोन इंच. जावयाने फेरी मारली आणि "मस्त आहे" म्हणाला. मी म्हटले, "रोज शाळेत पोहोचवणार कोण?" दोघेही गप्प. मग लेकीला बसवले. नुसती सायकलच चाळीस-पन्नास किलोंची, वर पेटीत नात. पुढचे चाक लांब असल्याने सुरुवातीला सगळ्यांचाच तोल जातो. चाकाकडे न पाहता रस्त्याकडे पाहायचे. ते तिला जमले. स्टँडवर चढवणे तिसऱ्या खेपेला जमले. जमले नसते, तर मी तो प्रस्ताव नामंजूर केला असता.

निम्म्या किमतीत जुनी मिळत होती. लेकीचे मन तिकडे ओढत होते. पण २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी सुरक्षा यंत्रणेने एका मोठ्या कंपनीच्या अशा सायकलींची विक्री थांबवायला लावली होती. सांगाडे तुटण्याचा धोका होता आणि विकलेल्या सायकली परत बोलवाव्या लागल्या. म्हणून जुनी घ्यायची तर बनावट, सांगाड्याचा क्रमांक आणि दुरुस्तीची बिले, सगळे तपासायचे. विकणाऱ्याकडे बिले नव्हती. तारणाची कागदपत्रे नसलेले कर्ज मी कधी दिले नाही.

विजेच्या मोटारीवर मात्र वाद झाला नाही. देश सपाट असला तरी समोरून वारा असा येतो, की पायांना चढच वाटतो. युरोपातल्या नियमाने ही मोटार ताशी २५ किलोमीटरपर्यंतच साथ देते.

लेक नातीला घेऊन रस्त्यावर निघाली तेव्हा माझा जीव मुठीत होता. मागून येणारी मोटार हॉर्न न वाजवता सावकाश मागे राहिली. आपल्याला वाटते, हे त्यांच्या रक्तातच असेल. तसे नाही. १९७१ साली या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. 'बालहत्या थांबवा' असे थेट नाव घेऊन आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने काही रविवारी मोटारी बंद ठेवल्या, तेव्हा मोकळा रस्ता कसा असतो हेही लोकांनी पाहिले. पुढे वर्षानुवर्षे पैसा ओतून सायकलींच्या वाटा झाल्या. लेकीच्या पाच हजार युरोंत ही रक्कम धरलेली नाही. ती तिच्या आधीच्या पिढीने भरली आहे.

पुण्यात मी कॉलेजला सायकलने जात असे. सायकलींचे शहर म्हणून तेव्हा आमची मिजास होती. महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडाही मंजूर केला. पण दोन पोरे पुढे बसवून मी आज तिथे पेडल मारीन का? पाच लाखांची सोडा, फुकट दिली तरी नाही. आमच्या सोसायटीतल्या सूनबाई दोन मुलांना स्कूटरवर पुढे-मागे घेऊन शाळा गाठतात, त्या काही हौसेने नव्हेत.

असो. लेकीने नवी दोनचाकी घेतली. ती जिन्यावर नेता येत नाही, रात्री दाराबाहेरच राहणार; म्हणून विमा घेतला आणि विमेवाल्यांना मान्य असलेली दोन भक्कम कुलपे. मोटार विकून आलेल्या पैशांतले थोडे वेगळे ठेवायलाही मी सांगितले, आजारपणाच्या रात्री आणि लांबच्या प्रवासाला भाड्याची मोटार लागेल म्हणून. जावई हसला, "मग आम्ही मोटारमुक्त कसले?" लेकीने मात्र त्याच संध्याकाळी त्या नावाने वेगळे खाते उघडले.