करमणूक कुणाची आणि मैदान कुणाचे?

आमच्या कर्जत-खालापूरच्या नावाने आजवर पुष्कळांनी बोटे मोडली. पावसाळ्यात पाऊस फार, उन्हाळ्यात वाड्यांवर पाणी नाही, लोकल वेळेवर नाही, असे नाना आरोप आम्ही मुकाट्याने ऐकून घेतले. त्यांत तथ्य होते, म्हणून ऐकले. पण अलीकडे एक नवाच आरोप कानी येऊ लागला आहे, आणि तो निमूटपणे गिळावा असे मला मुळीच वाटत नाही. ‘तुमच्याकडे खेळाडू टिकत नाहीत, कारण तुमच्याकडे करमणूक नाही,’ हा तो आरोप. मध्यंतरी एका कबड्डी स्पर्धेच्या बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांनी तो ध्वनिक्षेपकावरून मांडला. धंदेवाईक खेळाडू म्हणजे तरुण रक्त, खिशात पैसा खुळखुळणारा; सराव आटोपल्यावर त्याने जावे कुठे, पाहावे काय, खावे काय? सबब त्याने मुंबई-पुण्यास राहावे, आणि आमच्यासारख्यांनी त्याचा खेळ दूरचित्रवाणीवर पाहून टाळ्या पिटाव्यात! मंडपातल्या निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. त्या डोललेल्या मानांसाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कर्जत-खालापुरात करमणूक नाही, हे म्हणणे म्हणजे समुद्रात मीठ नाही म्हणण्यासारखे आहे. नेरळहून माथेरानला चढणारी झुकझुक गाडी 1907 सालापासून मुंबईकरांची करमणूक करीत आहे. खालापूर तालुक्यात चौकजवळ 2005 साली नितीन देसाई यांनी चित्रनगरी उभारली. राजेरजवाड्यांचे महाल तिथे उभे राहिले आणि मोडले. खोपोलीजवळ 2013 साली इमॅजिका नावाचे मोठे उद्यान निघाले. तिथे पैसे देऊन माणसे उलटी टांगून घेतात आणि हसत हसत बाहेर येतात. शनिवार-रविवारी कर्जत स्टेशनाबाहेर उभे राहावे. धबधबे, गडकिल्ले, लेणी, शेतघरे यांच्या वाटेला लागलेली गर्दी पाहून वाटते, सारी मुंबई करमणुकीवाचून तळमळत होती आणि ती शोधायला इथे आली आहे. ज्या शहराला स्वतःच्या करमणुकीसाठी आमच्या दारी यावे लागते, त्याच शहरातून आलेले पाहुणे आम्हांला सांगतात की तुमच्याकडे करमणूक नाही!

बरे, एवढ्यावर भागले असते तर मी हसून गप्प बसलो असतो. पण या करमणुकीची किंमत कुणी मोजली, हेही सांगायला हवे. आमच्याकडे कबड्डीचे मैदान म्हणजे काही गॅलरी बांधलेले क्रीडांगण नव्हे. भातकापणी झाली, खळी उरकली, की गावालगतची खाचरे मोकळी होत. पोरे ढेकळे फोडीत, माती चाळीत, पाणी मारून ती बसवीत, चुन्याच्या फक्कीने रेघा ओढीत. आणि चार खांबांवर दिवे टांगले की रात्री दहाला सुरू झालेले सामने पहाटेपर्यंत चालत. कडेवर पोर घेऊन बाया बसत, म्हातारे घोंगडी पांघरून बसत, आणि एखाद्या चढाईपटूने शेवटच्या क्षणी मध्यरेषेला हात लावला की सारे गाव एकदम उठून उभे राही. मी शाळेत चाळीस वर्षे खडू झिजवला. पण तेवढी एकाग्रता वर्गात मला एकदाही पाहायला मिळाली नाही!

त्यांतली किती खाचरे आज उरली आहेत? आमच्या गावाबाहेरच्या ज्या तुकड्यावर तीन पिढ्या हुतूतू खेळल्या, त्याचे प्लॉट पडले. तारेचे कुंपण आले, मग भिंत आली, मग भिंतीपलीकडे पोहण्याचा तलाव आला. शेत विकणाऱ्याला मी नावे ठेवीत नाही. मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण भाताच्या पिकावर होत नसते. परंतु हिशेब सरळ मांडावा. शहराच्या करमणुकीसाठी आमचे मैदान गेले, आणि मैदान गेल्यामुळे आमचा खेळाडू गेला. आता तो का गेला म्हणून विचारले, तर उत्तर मिळते की इथे करमणूक नव्हती! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

खेळाडू नेमका कशासाठी जातो, हे खेळाडूलाच का विचारू नये? माझा एक विद्यार्थी डाव्या कोपऱ्यात अशी पकड करी की समोरचा गडी जागच्या जागी बसे. तो आज मुंबईत एका कार्यालयाच्या संघातून खेळतो. परळकडे एका खोलीत चौघे राहतात. सुट्टीत घरी आला, तेव्हा मी मुद्दाम विचारले, “काय रे, मजा आहे ना मुंबईत? नाटक-सिनेमा रोजचाच असेल.” तो हसला. म्हणाला, “सर, सकाळी सहाला सराव, मग कामावर, संध्याकाळी पुन्हा सराव. सिनेमा कसला? रात्री पाठ टेकली की सकाळच होते.” मग का गेलास, असे विचारल्यावर त्याने बोटांवर मोजून दाखवले: कराराची का होईना, पण नोकरी, पायांखाली मॅट, आणि गुडघा दुखावला तर पाहणारा जाणता डॉक्टर. तीन बोटे मोजून तो थांबला. करमणुकीसाठी त्याने चौथे बोट काही उघडले नाही.

मॅटचे महत्त्व घरबसल्या वाचकांच्या लक्षात यायचे नाही, म्हणून सांगतो. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. मातीवर काय किंवा मॅटवर काय, रेघा त्याच. पण मातीवर अनवाणी पाय घसरतो आणि घसरण्यातच सावरतो; मॅटवर बूट चिकटतो आणि शरीर पुढे जाते. जो पोरगा विसाव्या वर्षापर्यंत मातीवर खेळला, त्याला निवड चाचणीत एकाएकी मॅटवर उभा केला तर तो अर्धा सामना आपल्या पायांशीच खेळतो. प्रो कबड्डी लीग 2014 साली सुरू झाली. पहिल्या वर्षीच्या लिलावात सर्वांत मोठी बोली 12 लाख 80 हजारांची होती, ती राकेश कुमारवर लागली. 2023 च्या लिलावात पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाखांहून अधिक रुपये लागले. नऊ वर्षांत खेळ कुठून कुठे गेला पाहा! आणि या पैशाचा दरवाजा उघडतो तो मॅटवर.

आता गंमत अशी की हा राकेश कुमार काही मरीन ड्राइव्हवर वाढलेला नाही. तो आणि मनजीत छिल्लर, दोघेही दिल्लीच्या सीमेवरच्या निजामपूर या एकाच खेड्याचे. चढायांचे विक्रम करणारा प्रदीप नरवाल हरियाणातल्या रिंढाणा गावचा. राजधानीच्या गजबजाटापासून निजामपूर दूर, तसे आम्ही मुंबईच्या गजबजाटापासून दूर. कबड्डीपटू घडायला शहरी करमणूक लागती, तर हरियाणाच्या खेड्यांनी देशाला एवढे खेळाडू दिले नसते.

तरी कुणी म्हणेल, ‘घडणे निराळे आणि टिकणे निराळे. नावारूपाला आलेला गडी लहान गावात का राहील?’ त्याला उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. शाहू महाराजांच्या काळी कोल्हापूर हे केवढे गाव होते? पण पंजाबातले नामांकित मल्ल घरदार सोडून तिथे येऊन राहिले. महाराजांनी त्यांच्यासाठी काही नाचगाण्याची सोय केली नव्हती. त्यांनी तालमी दिल्या, खुराक दिला, वस्ताद दिले, आणि 1912 साली खासबागेचे मैदान बांधून हजारो जाणती डोळ्यांची जोडी दिली. तेव्हापासून गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातली पोरे वळकटी घेऊन येत राहिली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले, तेही याच मातीच्या जोरावर. अगदी कालपरवाचे म्हणाल, तर 2023 साली बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झालेली सतरा वर्षांची अदिती स्वामी साताऱ्याची. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 साली पॅरिसहून नेमबाजीचे कांस्यपदक घेऊन आला. तो नाशकास गेला, पुण्यास गेला, हे खरे. पण रायफल हाती घेऊन गेला तो प्रशिक्षणाच्या शोधात.

साहेबाच्या देशांचे दाखले दिल्याशिवाय ज्यांचे समाधान होत नाही, त्यांच्यासाठी तेही देतो. अमेरिकेत ग्रीन बे नावाचे जेमतेम लाखभर वस्तीचे, थंडीने गोठणारे शहर आहे. त्यांचा ‘पॅकर्स’ हा फुटबॉल संघ 1919 सालापासून तिथेच आहे. त्याचा मालक कोणी धनाढ्य नव्हे, तर गावकरी आणि चाहते हेच भागधारक, आणि त्यांना नफ्याचा छदामही मिळत नाही. पण मैदान ऐंशी हजारांचे आणि तिकिटांसाठी प्रतीक्षायादी पिढ्यान्‌पिढ्यांची. ओक्लाहोमा सिटीतून 2016 साली केव्हिन ड्युरंट हा बास्केटबॉलचा मोठा खेळाडू गेला, तेव्हाही ‘लहान शहर’ म्हणून नाके मुरडणारे होतेच. त्याच शहराच्या संघाने 2025 साली राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. आणि केनियातले इटेन? सुमारे 2400 मीटर उंचीवरचे ते छोटेसे गाव. जगभरचे लांब पल्ल्याचे धावपटू आपापली झगमगती शहरे सोडून तिथे जाऊन राहतात. तांबडी माती, विरळ हवा आणि सोबत धावणारे शंभर जण, एवढीच तिथली चैन.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो, आणि ती विरोधकांच्या बाजूची आहे. खेळाडू म्हणजे ऋषी नव्हे. त्यालाही संध्याकाळ असते, मित्र असतात, उद्या लग्न झाले की बायकोचा जीवही रमावा लागतो. मुलींची स्थिती तर अधिकच अवघड. मुलगे सरावानंतर पारावर बसतील, नाक्यावर वडापाव खातील; मुलीने बसावे कुठे? शेवटची एस.टी. चुकली तर तिला न्यायला बापाने काम टाकून यायचे. कितीतरी चांगल्या मुली सतराव्या-अठराव्या वर्षी खेळातून उठतात, त्या अशा कारणांनी. तेव्हा गावात उजेडाचा रस्ता असावा, वाचनालय असावे, नाटकाला एक धड रंगमंच असावा, मुलींना निर्धास्त बसता येईल अशी जागा असावी. जरूर असावी. पण ही मागणी सगळ्या गावाची आहे; ती खेळाडूच्या नावावर खपवू नये, आणि ती पुरी होईपर्यंत मैदानाची मागणी लांबणीवर टाकू नये.

गिरणगावात कबड्डी बहरली, ती परळ-लालबागला थिएटरे होती म्हणून नव्हे. कोकणातून गेलेला पोरगा दिवसा गिरणीत, कचेरीत राबे, आणि चाळीपुढच्या मैदानात खेळे. भाकरी आणि मैदान हाकेच्या अंतरावर होते, हेच त्या बहराचे रहस्य. खालापूर तालुक्यात खोपोलीपासून पाताळगंगेपर्यंत कारखान्यांच्या रांगा आहेत. प्रत्येक मोठ्या कारखान्याने चार मुलगे आणि चार मुली खेळाडू म्हणून पगारावर ठेवायचे मनात आणले, तर काय त्यांची चाके थांबणार आहेत? शासनाने नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखल्या आहेत, चांगलेच केले. पण प्रमाणपत्र मिळवायला आधी खेळावे लागते, आणि खेळायला जागा लागते. दर ग्रामपंचायतीच्या नकाशावर एक तुकडा मैदानाचा म्हणून कायमचा कोरून ठेवा, प्रत्येक तालुक्यात एका पक्क्या छपराखाली मॅट अंथरा, आणि ती पावसाळ्याचे चार महिनेही उघडी ठेवा. कारण आमच्याकडे मातीचे मैदान त्या काळात शेवाळाखाली असते, आणि हरियाणाचा पोरगा तेव्हा सराव करीत असतो.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात चकल्यांचा घमघमाट असेल, आणि सुट्टीत इकडे फिरायला येण्याचे बेत चालले असतील. अवश्य या. धबधबे आटलेले असले तरी थंडी पडू लागलेली असेल, आणि भात पिवळे झालेले असेल. फक्त एक करा. एखाद्या शेतघराच्या भिंतीबाहेर आमची पोरे रस्त्याच्या कडेला रेघ ओढून ‘कबड्डी, कबड्डी’ करताना दिसली, तर मोटार जरा थांबवा आणि ती तिथे का खेळताहेत हे त्यांना विचारा. आणि त्या भिंतीच्या आतले घर तुमचेच असेल, तर पुढच्या ग्रामसभेला येऊन मैदानाच्या ठरावावर आमच्या बाजूने दोन शब्द बोला.