गंगेविना काशी

नाग अश्विन यांच्या 'कल्की 2898 एडी' या चित्रपटात काशी हे जगात उरलेले शेवटचे शहर आहे आणि त्या शहरातली गंगा आटली आहे. 27 जून 2024 रोजी हा तेलुगू चित्रपट प्रदर्शित झाला. चर्चा झाली ती प्रभासच्या बोलक्या गाडीची, अमिताभ बच्चन यांच्या अश्वत्थाम्याची आणि तिकीटबारीवरच्या गल्ल्याची. आम्हाला मात्र चित्रपट संपल्यावरही सोडून गेले नाही ते नदीचे कोरडे पात्र. ज्या मराठी घरांत अजूनही देवघरात काशीच्या गंगेचा गडू ठेवलेला असतो, त्या घरांतल्या प्रेक्षकाला ते दृश्य नुसती करमणूक म्हणून पाहणे अवघड आहे.

चित्रपटाची मांडणी साधी आहे. खाली धुळीत आणि भंगारात जगणारी काशी. वर आकाशात तरंगणारा उलट्या पिरॅमिडसारखा 'कॉम्प्लेक्स'. पृथ्वीवरचे जे काही चांगले होते, म्हणजे पाणी, हिरवळ, अन्न, ते सगळे वर ओढून घेतलेले. वर प्रवेश हवा तर दहा लाख 'युनिट्स' मोजायची. नायक भैरवाची सगळी धडपड एवढ्यासाठीच चालते. खालच्यांची तहान भागावी असे त्याला वाटत नाही, आपली एकट्याची वर सोय व्हावी एवढेच वाटते. चित्रपटातले सर्वांत खरे निरीक्षण हेच आहे. सर्वनाशानंतरही पाणी पूर्ण संपलेले नाही; ते एका जागी गोळा झाले आहे, आणि तहानलेल्या माणसाला ती व्यवस्था मोडण्यापेक्षा तिच्यात शिरणे सोपे वाटते.

कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या कादंबरीवरचा 2009 सालचा 'द रोड' या जातीच्या चित्रपटांतला अधिक कठोर चित्रपट. राखेने भरलेल्या जगातून एक बाप आणि त्याचा मुलगा चालत राहतात, आणि जग कशाने संपले हे शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. त्या चित्रपटाला कारणाची गरजही नाही, कारण त्याचे सारे लक्ष बापलेकाच्या नात्यावर आहे. पण काशी दाखवायची आणि गंगा आटलेली दाखवायची, तर कारण विचारावेच लागते.

त्यासाठी पंचगंगा घाटावर जाऊन उभे राहावे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा काशीतला जुन्या मराठी वस्तीचा पट्टा. याच काशीत एकनाथांनी 1573 च्या कार्तिकी पौर्णिमेला आपली भागवतावरची टीका पुरी केली. या घाटावर बिंदुमाधवाचे भव्य मंदिर होते. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने 1665 मध्ये ते पाहिले आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. पुढे काही वर्षांतच औरंगजेबाच्या काळात ते पाडले गेले आणि त्या जागी आलमगीर मशीद उभी राहिली. तिचे उंच मिनार दूरवरून दिसत, लोक त्यांना 'माधवरावाचा धरहरा' म्हणत. इंग्रज अमदानीत जेम्स प्रिन्सेपने त्यांची चित्रे काढली. ते मिनारही आता उरले नाहीत. बिंदुमाधवाला शेजारीच पुन्हा घर मिळाले ते औंधच्या पंतप्रतिनिधींकडून. घाटावरचा दगडी हजारा दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांच्या नावाने सांगितला जातो. कार्तिकात इथे उंच बांबूंना दोरी बांधून, विणलेल्या करंडीत दिवा ठेवून, पितरांसाठी आकाशदीप वर चढवतात. दोरी हळूहळू ओढावी लागते, नाहीतर वाटेतच ज्योत विझते.

म्हणजे या घाटावरचे जवळजवळ सगळे एकदा तरी कोसळले आहे. दर वेळी कुणीतरी आले, पुन्हा दगड बसवले, पुन्हा दिवा लावला. हे शक्य झाले, कारण पायऱ्यांच्या तळाशी नदी होती. परंपरा सांगते की इथे गंगेला यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा मिळतात. स्नान करणारा पाचही नद्यांची नावे घेतो. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. देवळासाठी औंधकर आले, दिव्यांसाठी इंदूरकर आले. नाहीशी झालेली नदी परत आणायला कुणालाही येता आले नाही. शहराच्या दक्षिण टोकाला असी नदी तर आजच्या पिढीच्या देखत नाला होऊन वाहते आहे आणि तरीही पंचतीर्थीची यात्रा असी संगमापासूनच सुरू होते. नावाला स्नान घालून आपण नदीचे कर्तव्य संपवतो, ही सवय आम्हाला चित्रपटातल्या कोरड्या पात्राइतकीच भयावह वाटते.

गंगा आटेल ती कशी, याची कल्पनाही आपण चुकीची करतो. हिमनदी वितळून संपली की गंगा संपली, असे सर्रास बोलले जाते. पण मैदानी मुलखात उन्हाळ्यात नदीला धरून ठेवते ते काठच्या जमिनीखालचे पाणी. भूजलाची पातळी नदीपेक्षा वर असते तोवर ते झिरपत पात्रात येते. विहिरी आणि नलिकाकूपांनी ती पातळी खाली गेली की हा पुरवठा मंदावतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2018 मध्ये मांडले की 1970 च्या दशकात मोठ्या प्रमाणावर उपसा सुरू झाल्यापासून गंगेच्या खालच्या टप्प्यात भूजलातून मिळणारा हा प्रवाह सुमारे 59 टक्क्यांनी घटला आहे. त्याच वर्षी गंगा अविरल वाहावी म्हणून उपोषण करणारे प्रा. जी. डी. अग्रवाल 111 व्या दिवशी, 11 ऑक्टोबरला गेले. घाटांच्या सुशोभीकरणाला मिळते त्याच्या पासंगालाही पुरेल एवढे लक्ष या उपशाकडे कुणी दिलेले नाही.

महाराष्ट्राला हे परक्याचे दुःख वाटण्याचे कारण नाही. 2016 च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी जमू नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. मांजरा धरण कोरडे पडले होते. 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. अशा वेळी माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात, असे सर्वनाशाचे चित्रपट गृहीत धरतात. लातुरात घागरींच्या रांगा लागल्या, लोक रात्र-रात्र जागले, आणि शहर तगले. पण चित्रपटातला कॉम्प्लेक्स तिथेही होता, फक्त तो आकाशात नव्हता. राज्यातल्या लागवडीच्या अगदी थोड्या क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो, हे तेव्हाही सर्वांना माहीत होते. टंचाईचे कारण मात्र पावसावर ढकलून सगळे मोकळे झाले.

'कल्की' इथेच कमी पडतो. वर पाणी कुणी नेले हे दाखवण्याचे धाडस त्याने केले, पण उत्तर म्हणून त्याच्याजवळ अवताराची वाट पाहणे आणि उत्तरार्धातल्या लांबलचक मारामाऱ्या एवढेच आहे. इथे तर कायदा आधीच हातात आहे. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम 2009 चा, तो 2014 पासून लागू आहे आणि त्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरी घेण्यावर बंधन आहे. मराठवाड्यातल्या बोअर त्याच्या कितीतरी पट खोल जातात आणि कुणी हटकत नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी बोअरची गाडी गावात शिरताना तिला थांबवून परवानगी विचारणारा एक अधिकारी प्रत्येक तालुक्यात नेमावा, आणि त्याने विचारलेच नाही तर ग्रामसभेने त्याला जाब विचारावा.