डाग लोहाचा, दावा कार्बनचा

टोचलेल्या कार्बन नॅनोट्यूब उंदराच्या यकृतात साठल्या आणि काही आठवड्यांनी निघून गेल्या, असे एमआरआयच्या आधारे सांगणारे लेख आपल्याकडे येऊ लागले आहेत. यातला पहिला दावा जपून स्वीकारावा. दुसरा पुराव्याशिवाय स्वीकारूच नये.

एमआरआयचा सिग्नल येतो मुख्यतः पाण्यातल्या प्रोटॉनांचा. नळीतला कार्बन त्यात कुठेच नसतो. नळ्या वाढवताना उत्प्रेरक म्हणून वापरलेले लोह त्यांना चिकटून राहते आणि भोवतालचे चुंबकीय क्षेत्र बिघडवते. टी-टू-स्टार प्रतिमेत तिथे काळा डाग उमटतो, तोही कणापेक्षा कितीतरी मोठा. अल फराज आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 'नॅनो लेटर्स'मध्ये याच लोहाच्या आधारे नळ्यांचा माग काढला. फुप्फुसात प्रोटॉन विरळ आणि हवेमुळे सिग्नल मुळातच क्षीण, म्हणून तिथे त्यांनी अतिध्रुवीकृत हेलियम-3 वापरला.

खरी मेख पुढे आहे. आम्लाने धुवून नळी जितकी शुद्ध करावी, तितकी ती प्रतिमेत दिसेनाशी होते. शरीरात लोह सुटे झाले, तर डाग लोहामागे जातो आणि नळी मागे राहते. त्यात यकृत-प्लीहेत शरीराचे स्वतःचे लोह असते, आणि जुना रक्तस्रावही तसाच काळा दिसतो. राइस विद्यापीठातल्या गटाने 2005 मध्ये आखूड नळीच्या पोटात गॅडोलिनियम बंदिस्त केले, हा मार्ग आश्वासक आहे. पण गॅडोलिनियम आपल्या जागी टिकेल हे गृहीत धरण्याची किंमत मूत्रपिंडाच्या रुग्णांनी नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिसच्या रूपाने मोजली आहे.

डाग फिका झाला म्हणजे नळी बाहेर पडली, हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा. लांब, ताठ नळ्या उंदरांच्या उदरपोकळीत ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण करतात, हे 2008 मध्ये दिसले. पुढे कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्था आयएआरसीने 'एमडब्ल्यूसीएनटी-7' ही बहुभित्ती नळी 2-बी गटात, म्हणजे संभाव्य कर्ककारकांत, टाकली. अशा पदार्थाबाबत 'निचरा झाला' हे विधान सुरक्षिततेची हमी म्हणून वाचले जाते.

यापुढे अशा लेखांसोबत तीन गोष्टी लागतील: टोचण्याआधीची प्रतिमा, तेवढेच लोह पण नळ्यांविना दिलेला तुलनागट आणि शेवटच्या टप्प्यावर ऊतींच्या कापांचे रामन मापन. रामन वर्णपटात नळीचा जी-बँड 1590 प्रति सेंटिमीटरच्या आसपास ठळक येतो. त्याला लोहाची गरज नसते. स्वतःकडे सोय नसेल तर काप दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवावेत. प्रयोगाअखेर विच्छेदन होतेच, त्यामुळे या मापनासाठी जादा प्राणी लागत नाही.