यंत्र कोणाचे?

सायकलची साखळी निसटली, तर तुम्ही ती स्वतः बसविता. सायकल तुमची, तिला हात लावण्यास कोणाची परवानगी लागत नाही. संगणकाची गोष्ट निराळी. त्याला चालविते ती आज्ञावली. पुष्कळ कंपन्या ती विकतात, पण तिचा मूळ लेख गुप्त ठेवितात. यंत्र आपले, किल्ली मात्र दुसऱ्याच्या कनवटीला!

अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेतील छपाईयंत्रात कागद वारंवार अडके. त्यावर उपाय करण्यास ते समर्थ होते. परंतु आज्ञावलीचा मूळ लेख त्यांना मिळाला नाही. हा अन्याय त्यांना सलत राहिला. १९८३ साली त्यांनी सर्वांना खुल्या अशा आज्ञावली रचण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८९ साली त्यांसाठी एक परवाना लिहिला. आज्ञावली वाचा, बदला, इतरांना द्या. मात्र देताना तिचा मूळ लेखही त्याच अटींवर द्या. माझ्या मते ही अटच सर्वांत मोलाची आहे. तिच्यामुळे ज्याला मिळाले त्याला दार लावून घेता येत नाही.

मग आज्ञावली रचणाऱ्याने पोट कसे भरावे? प्रश्न रास्त आहे. श्रमांचे दाम त्याने जरूर घ्यावे. स्टॉलमन यांचाही त्यास विरोध नाही. पण दाम मोजणाऱ्याला स्वतःच्याच यंत्रात डोकावण्याची बंदी का असावी?

फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली रचलेले ‘लिनक्स’ पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आले. केरळातील सरकारी शाळांत आज मुले लिनक्सवर शिकतात. एखाद्या चौकस मुलीला त्याचे अंतरंग पाहावेसे वाटले, तर तिला कोणी अडवीत नाही.